महादेवाची वाट आणि आडवा नाला

आमच्या एकोडीच्या जुन्या माणसाला 'डोंगर कुठला?' असं विचारलं, तर तो गायखुरीचं नाव घेत नाही की नागझिऱ्याचं घेत नाही. तो उत्तरेकडे हात करतो आणि म्हणतो, "महादेव!" एकोडी हे भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातलं गाव, माझं माहेर. चहूकडे धानाच्या बांध्या, तलाव, बोड्या, आणि दूरवर रानाची निळी रेघ. डोंगर म्हणावा असा डोंगर अंगणातून दिसत नाही. पण महादेवाचा डोंगर प्रत्येकाच्या बोलण्यात असतो. महादेव म्हणजे पचमढी. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या चढणारी माणसं आमच्याकडची, आणि नागपंचमीला भर पावसात नागद्वाराची वाट तुडवणारीही आमच्याकडचीच. ज्यांना इतक्या लांब जाणं जमत नाही, त्यांच्यासाठी तुमसर तालुक्यात गायमुख आहे. त्याला लहान महादेव म्हणतात. म्हणजे मोठा महादेव हुकला तरी लहान महादेव कुणाचा हुकत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना पचमढी हे मध्य प्रदेशातलं थंड हवेचं ठिकाण म्हणून माहीत असेल. कॅप्टन फोर्सिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ते साहेबांच्या नजरेला आणलं, 1862 मध्ये तिथे बायसन लॉज बांधलं आणि पुढे त्या मुलखावर पुस्तकही लिहिलं. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं, तेव्हा उन्हाळा लागला की सरकार आपली दप्तरं बांधून पचमढीला चढत असे. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ इकडे आला आणि पचमढी तिकडे राहिली. नकाशावर रेघ पडली खरी, पण महादेवाच्या यात्रेकरूंना ती रेघ कुणी दाखवली नसावी. अजूनही नागद्वाराच्या वाटेवर कानावर पडणारी निम्मीअधिक बोली मराठी असते, आणि वाटेत फुकट जेवू घालणारी मंडळंही बरीचशी नागपूरकडचीच.

माझे बाबा बारा वेळा नागद्वाराला गेले. आजोबांच्या वेळी लोक बैलबंडीनं जात आणि परतेपर्यंत महिना उलटे; बाबा बसनं जात. दर वर्षी ते परतले की त्यांचे पाय सुजलेले असत आणि आई गरम पाण्यात मीठ टाकून ते शेकून देई. शेकता शेकता ती विचारी, "औंदा पाऊस कसा होता जी वर?" बाबा सांगत आणि ती ऐके. आई स्वतः मात्र एकदाही गेली नाही. कारण कुणी नको म्हटलं होतं असं नाही. कारण साधं होतं. नागपंचमी येते तेव्हा आमच्या भागात रोवणी चालू असते. चिखलणी पुरुषाची, पण पऱ्हे उपटायचे आणि गुडघाभर चिखलात ओणवं राहून एकेक रोप लावायचं, हे काम बाईचं. पुरुषाला चार दिवस सोडता येतं, बाईला सोडता येत नाही. देवानं आपली यात्रा नेमकी रोवणीच्या दिवसांत का ठेवली, हा प्रश्न मी लहानपणी बाबांना विचारला होता. त्यांनी मला गूळ-फुटाणे दिले.

तेव्हा यंदा मी जायचं ठरवलं, ते काही एकट्या भक्तीपोटी नव्हे. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या वाटचं पाहून यावं, एवढंच मनात होतं.

आमच्या घरातला दुसरा पक्ष सह्याद्रीचा. हे मूळचे पुण्याचे. नोकरीनिमित्त नागपूरला आले आणि माझ्याशी लग्न करून बसले. पण डोंगरांच्या बाबतीत त्यांनी आपली पेठ कधी सोडली नाही. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई ही नावं ते नातेवाइकांसारखी घेतात. मी नागद्वार म्हटल्याबरोबर त्यांनी चष्मा पुसला. "धूपगड तुमचा सगळ्या सातपुड्यात उंच, नाही का? किती? साडेतेराशे मीटर. आणि आमची कळसूबाई सोळाशे शेहेचाळीस!" जणू त्या तीनशे मीटरची भर ह्यांनीच घातली होती.

पण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि ह्यांनाही ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत एक जाळी बसवावी लागली. डॉक्टरांनी नंतर सगळ्याची परवानगी दिली, चालण्याची तर आग्रहानं दिली. तरी त्या दिवसापासून हे जिना चढताना पायऱ्या मोजतात. मी ऐकते आहे हे कळलं की मोजणं थांबवतात. कळसूबाईची उंची सांगणाऱ्या माणसाच्या मागे हा पायऱ्या मोजणारा माणूस उभा असतो. म्हणून त्यांनी "येतो मी" म्हटलं, तेव्हा मी जास्त चर्चा केली नाही. डॉक्टरांना मात्र पुन्हा विचारून घेतलं. "चढावर बोलता येईल एवढ्याच वेगानं चाला, बोलणं थांबलं की चालणं थांबवा," असं त्यांनी सांगितलं. हे औषध मला फार आवडलं. तीस वर्षांच्या संसारात ह्यांना बोलत ठेवण्याचा अधिकार प्रथमच मला वैद्यकीय आधारासह मिळाला होता.

सामानावरून दोन दिवस वाद झाला. मुलानं बंगळूरहून दोन रकसॅक पाठवल्या होत्या, त्यांना एवढे पट्टे की घोड्याचा साज बरा. ह्यांनी एक पोंचो विकत आणला. तो अंगावर घातला की माणूस चालता तंबू दिसतो. मी माझ्या पिशवीत आधी एक जाड प्लॅस्टिकची थैली घातली आणि कोरडे कपडे तिच्यात. पिशवीवरून कितीही आच्छादन घाला, चार तासांच्या पावसात पाणी पाठीकडून शिरतंच. आतली थैलीच खरी. सुती कपडे मी मुद्दाम कमी घेतले. सुती कापड भिजलं की पाणी धरून बसतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर भिजली तरी थोडी ऊब राखते. आणि ह्यांच्या गोळ्या? दोन दिवसांच्या यात्रेला मी चार दिवसांच्या घेतल्या, बरणीत नव्हे, तर कमरेच्या कापडी पिशवीत, मेणकागदात गुंडाळून.

नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया अशी वाट. तामियाच्या पुढे घाट लागला आणि ढग खाली उतरून गाडीच्या काचेला टेकले. भंडाऱ्याला वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पचमढीला दोन हजारांच्या घरात. कारण सोपं आहे. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की तो ओडिशा, छत्तीसगडवरून आमच्याकडे सरकतो, आणि त्या बाष्पानं भरलेल्या वाऱ्याला सातपुडा आडवा येतो. वारा वर चढतो, थंड होतो आणि आपलं ओझं तिथेच टाकतो. म्हणून खाली एकोडीला निव्वळ आभाळ असतं तेव्हा वर महादेवाला झड लागलेली असते. हवामान खात्याचा त्या दिवशी पिवळा इशारा होता. ह्यांनी तो मला मोबाइलवर दाखवला. "पिवळा म्हणजे काय, नुसतं लक्ष ठेवा." खरं आहे. पण इशारा सबंध जिल्ह्याचा असतो. कोणत्या दरीत किती वाजता किती पडेल, हे तो सांगू शकत नाही आणि तसा दावाही करत नाही.

नागद्वाराची वाट वर्षातून नागपंचमीच्या आसपासचे दहाएक दिवसच उघडते. एरवी तो सगळा भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या अखत्यारीत बंद. पचमढीहून जीपनं जलगलीपर्यंत गेलो आणि पहाटे साडेपाचला चालू लागलो. एकंदर फेरा पंधरा किलोमीटरच्या आसपास, पण किलोमीटरचा हिशेब तिथे कुणी करत नाही. सात पहाड ओलांडायचे, एवढंच सगळे सांगतात. मी सहा मोजले, ह्यांनी नऊ.

वाट कशी आहे? निसरडी. दगडावर शेवाळ, शेवाळावर चिखल, चिखलावर हजारो पावलं. जिथे कडा सरळ उभा आहे तिथे लोखंडी शिड्या लावल्या आहेत. एका बाजूनं दरीतून धूर निघावा तसा ढग वर येत होता, आणि दुसऱ्या बाजूनं "हर हर महादेव"च्या आरोळीबरोबर माणसांची रांग. पायात पाचशे रुपयांच्या वहाणा असलेले, पाच हजारांचे बूट असलेले आणि पायात काहीच नसलेले, सगळे सारख्याच वेगानं चालत होते. आमच्या पुढे सावनेरकडच्या एक आजी होत्या. सत्तरीच्या, अनवाणी, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ आणि खांद्यावर घोंगडी. ह्यांचा पोंचो तासाभरात बाहेरून पावसानं आणि आतून घामानं सारखाच ओला झाला. आजींची घोंगडी वरून भिजली होती आणि आतून उबदार होती. हे त्या घोंगडीकडे फार वेळ पाहत होते.

आजींनीच काजरीची गोष्ट सांगितली. काजरी नावाच्या एका बाईला मूल नव्हतं. तिनं नवस केला की मूल झालं तर नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालीन. मूल झालं. ती काजळ घेऊन आली, आणि देवानं आपलं खरं, भलं मोठं रूप दाखवलं. तिच्या नावाचं गाव या वाटेवर आहे. "मंग घातलं का काजळ?" मी विचारलं. आजी म्हणाल्या, "घातलं नसतं तं गावाले नाव कायले पडलं असतं?"

पहिली कसोटी शिडीपाशी लागली. आम्ही रांगेत होतो. पुढे वीसेक माणसं, आणि डोंगरामागे गडगडलं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीननं भागायचं, म्हणजे वीज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. मी मोजले, बारा भरले. म्हणजे चार किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की उघड्यावर राहू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावं, असा जाणत्यांचा नियम आहे. आता उघड्या कड्यावर, लोखंडी शिडीला मिठी मारून राहण्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. ह्यांनी यावर एका शब्दानंही वाद घातला नाही. सह्याद्रीत त्यांनी वीज जवळून पाहिलेली आहे. आम्ही रांग सोडली, शिखराच्या कडेपासून खाली, एकट्या झाडापासून दूर, एका खोलगट जागेत बसलो. मागचे लोक हसले आणि पुढे झाले. पाऊण तासानं आम्हीही गेलो. त्या लोकांचं काही वाईट झालं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. वीज दर वेळी पडत नाही.

गुहेत जायला ओणवं व्हावं लागतं. आत दिव्यांचा धूर, ओल, गर्दी आणि नारळाचं पाणी. मी आईसाठी म्हणून धानाचं एक रोप एकोडीहून आणलं होतं, त्याच्या मुळाशी अजून आमच्या बांधीची माती होती. ते वाहिलं. पुजाऱ्यानं "हे काय?" अशा नजरेनं पाहिलं, मग काही न बोलता ते फुलांशेजारी ठेवलं. हे माझ्या मागे उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "कुणाचं नाव घेतलंस?" मी सांगितलं. ते पुढे बराच वेळ बोलले नाहीत. डॉक्टरांच्या नियमाप्रमाणे मग आम्हाला थांबावं लागलं.

खरा प्रसंग परतीच्या वाटेवर आला. चार वाजून गेले होते. सकाळी आम्ही एक नाला ओलांडला होता. घोट्याएवढं पाणी, दगडावरून दगडावर पाय ठेवून गेलो, आठवणीतही राहू नये असा. आता त्याच जागी शंभरेक माणसं काठावर उभी होती. पाणी मांडीपर्यंत आलं होतं, रंग चहासारखा, आणि त्यातून पानं, काटक्या, एक अख्खी फांदी वाहत येत होती. आमच्याकडचा पाऊस थांबून तास झाला होता. पश्चिमेला ऊनसुद्धा दिसत होतं.

हे म्हणाले, "पाऊस थांबलाय. आता ओसरतच जाणार. जितकं थांबू तितका अंधार होईल."

पलीकडे जायला घाई करण्यासारखं बरंच होतं. साडेसहाला जीप होती. नागपूरला लेकीला सात वाजता फोन करायचं ह्यांनी कबूल केलं होतं, आणि या खोऱ्यात मोबाइलला रेघ नव्हती. बापाच्या छातीत जाळी असलेल्या लेकीला सातचा फोन आला नाही तर रात्र कशी जाईल, हे सांगायला नको. पाच तरुणांनी एकमेकांचे हात धरून साखळी केली होती. त्यांतला एक मला म्हणाला, "चला काकू, मधात घेतो तुम्हाले."

मी काठावरच्या एका पांढऱ्या दगडावर नजर ठेवून उभी होते. आम्ही आलो तेव्हा त्याचं डोकं वर होतं. दहा मिनिटांत ते गेलं.

आम्ही झाडीपट्टीची माणसं तलावाच्या पाण्यावर वाढलो. तलावाचा सांडवा असतो, त्याला आमच्याकडे सलंग म्हणतात. पावसाळ्यात बाबा आम्हाला सलंगावर नेत आणि सांगत की पाऊस कुठे पडतो ते बघू नका, पाणी कुठून येतं ते बघा. आणि ऑगस्ट 2020 सारखा दाखला तर कुणी विसरूच शकत नाही. मध्य प्रदेशात अतोनात पाऊस झाला, धरणांचे दरवाजे उघडले, आणि ते पाणी वैनगंगेतून भंडारा शहरात शिरलं. दादानं तेव्हा एकोडीहून फोन केला होता, "इथं आभाळ उघडलं आहे आणि भंडाऱ्यात घरात पाणी आहे!" मोठी नदी जे दोन दिवसांत करते ते डोंगरातला नाला अर्ध्या तासात करतो. वर उघडा खडक, उभा उतार, अरुंद घळ. पडलेलं पाणी मुरायला थांबत नाही. आणि धूपगडाच्या बाजूला अजून शाईसारखा ढग बसलेला होता.

"अहो, पाणी चढतं आहे," मी म्हटलं.

"दोन इंचांनी काय होतं?"

"दगड बघा. मघाशी दिसत होता."

"मी पावसाळ्यात नाणेघाट केलाय, मला पाणी कळतं."

"तुम्हाला सह्याद्रीचं कळत असेल. हे माझं आहे."

हे चिडले. लोकांसमोर बायकोनं असं बोललेलं कोणाला आवडतं? म्हणाले, "तू भित्री आहेस, तुझ्या आईसारखी. म्हणून ती कधी आली नाही."

वाचकहो, हे वाक्य मी इथे लिहिते आहे ते ह्यांना विचारून. त्यांनी "लिही" म्हटलं. तेव्हा मला काय वाटलं ते लिहीत नाही. मी एवढंच म्हटलं, "माझी आई तीस पावसाळे गुडघाभर पाण्यात उभी होती. मी इथेच बसते आहे. तुमच्या गोळ्या माझ्या कमरेला आहेत." आणि मी खरोखरच एका खडकावर बसले.

हे काठावर गेले. पाणी न्याहाळलं. परत आले, पुन्हा गेले. घोट्यापाशी आलेलं वेगवान पाणी दिसतं त्याहून फार जड असतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. वीतभर उंचीचं धावतं पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकतं, आणि इथे तर मांडीच्या वर होतं, खाली शेवाळलेले गोटे. हे सगळं ह्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं, इंजिनिअर माणूस. पण ह्यांना तो नाला ओलांडायचा नव्हता. दोन वर्षांपूर्वीचा तो अतिदक्षता विभाग ओलांडायचा होता. हे मला दिसत होतं, आणि त्यावर बोलण्याची ती जागा नव्हती.

साखळी पाण्यात उतरली. चौघे नीट गेले. पाचवा, तोच मला 'काकू' म्हणणारा, मधोमध असताना त्याचा पाय गोट्यावरून सटकला. तो कमरेपर्यंत आडवा झाला, पाणी त्याच्या पाठीवरून गेलं. पुढच्यानं मनगट सोडलं नाही म्हणून निभावलं. ओढून काढला तेव्हा त्याच्या पाठीवरची पिशवी नव्हती, एका पायातला बूट नव्हता, आणि गुडघ्यातून रक्त येत होतं. सारा काठ एकदम गप्प झाला. मग बंदोबस्तावरचे होमगार्ड धावत आले आणि त्यांनी दोर बांधून वाट बंद केली.

हे माझ्या शेजारी येऊन बसले. काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं स्वतःच्या पिशवीतून कोरडा टॉवेल काढून माझ्या डोक्यावर टाकला. आमच्या घरात माफीचा अर्ज अशाच नमुन्यात येतो.

मागे वर एका मंडळाचा ताडपत्रीचा मांडव होता. रात्र तिथे काढली. गरम भात, वरण, तिखटजाळ भाजी. पत्रावळीतून वरण गळत होतं, आणि त्याहून रुचकर काही मी अलीकडे खाल्लेलं नाही. वाढणारा पोरगा नागपूरचा, दिवसा मोटारीच्या गॅरेजमध्ये काम करणारा. दर वर्षी सुट्टी घेऊन येतो आणि दहा दिवस अनोळखी माणसांना वाढतो. आठला ह्यांना गोळी दिली. ओले कपडे काढून थैलीतले कोरडे घातले, तरी ह्यांना थंडी वाजत होती. सावनेरच्या आजींनी न विचारता घोंगडीचं अर्धं टोक ह्यांच्या अंगावर टाकलं. "घे बापू." बासष्ट वर्षांचा बापू मुकाट्यानं आत शिरला.

रात्री पुन्हा पाऊस कोसळला. ताडपत्रीवर तो वाजत असताना हे हळूच म्हणाले, "मला तिथे काठावर वाटलं की आज नाही गेलो, तर यापुढे कधीच कुठे जाणार नाही."

मी म्हटलं, "आज जाऊन आलात की. गुहेपर्यंत."

"तुझ्या आईबद्दल बोललो ते..."

"झोपा," मी म्हटलं. ते काही वेळानं झोपले. मी जागी होते. नागपूरला लेकही जागी असणार, हे मनातून जात नव्हतं. काठावर बसण्याची ती किंमत होती आणि ती दुसरंच कुणी भरत होतं.

सकाळी साडेसातला होमगार्डनी दोर सोडला. नाला पुन्हा घोट्याएवढा झाला होता, स्वच्छ, खळखळणारा. काल इथे कुणाचा बूट गेला हे सांगूनही पटलं नसतं. पांढरा दगड वर होता. ह्यांनी त्यावर पाय ठेवला आणि मला हात दिला. मी घेतला. जलगलीच्या बाजूला रेघ आल्याबरोबर ह्यांचा मोबाइल सलग सतरा वेळा वाजला. लेकीनं आधी रडून घेतलं आणि मग बापाला असं फैलावर घेतलं की आसपासचे यात्रेकरू थांबून ऐकू लागले. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा हे एवढंच म्हणाले, "अगं, नाल्याला पाणी होतं. तुझ्या आईनं जाऊ दिलं नाही."

पुढल्या वेळी निघायच्या आधीच लेकीला सांगून ठेवायचं ठरलं आहे, की सातचा फोन आला नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट बघ, आणि अमुक ठिकाणी विचार. डोंगरात वेळेची कबुली द्यायची तर तिला एक दिवसाची शिलाई ठेवावी, कपड्याला ठेवतो तशी.

प्रसाद घेऊन चार दिवसांनी एकोडीला गेलो. रोवणी शेवटाला आली होती. वहिनी घरी नव्हती, बांधीत होती. मी बांधावरूनच हाक मारली. ती चिखलातून सरळ झाली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि पहिला प्रश्न तिनं तोच केला, "पाऊस कसा होता जी बाई वर?"

मी सगळं सांगितलं, नाल्यासकट. ह्यांनी मधे मधे भर घातली. नाला तोवर छातीपर्यंत आला होता. वहिनी ऐकत होती आणि हात तेवढे चालू होते, एका ओळीत पाच रोपं, मग मागे पाऊल. मी म्हटलं, "पुढच्या साली तू चल माझ्यासंग."

"आमाले कोन नेते जी? रोवना कोन करन?"

दादा बांधावर बिडी शिलगावत होता. म्हणाला, "औंदा साकोलीकडं रोवणीचं मशीन आलं आहे म्हणतात. एकरामागं भाडं आहे."

"किती?" वहिनीनं विचारलं. ओणव्यानंच, पण हात थांबवून.

"विचारून येतो," दादा म्हणाला. ह्यांनी खिशातून वही काढली आणि साडेतीन एकरांचा हिशेब मांडायला बांधावरच बसले.